सगळ्याच स्टेज सारख्या कशाला?

प्रश्न : मॅडम, मी सांगलीत एम.टेक. व्हीएलएसआयच्या (चिप डिझाइनच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. बॅटरीवर चालणाऱ्या सोनोग्राफी यंत्रासाठी पाइपलाइन एडीसी, म्हणजे सिग्नलचे टप्प्याटप्प्याने डिजिटल आकडे करणारं सर्किट, हा माझा प्रोजेक्ट आहे. १० बिट, सेकंदाला ५ कोटी नमुने, १८० नॅनोमीटर सीमॉस (चिप बनवण्याचं तंत्र), १.८ व्होल्ट. सुरुवातीला नमुना पकडून धरणारा सॅम्पल-अँड-होल्ड, मग प्रत्येकी एकेक बिट ठरवून उरलेला भाग दुप्पट करून पुढे पाठवणाऱ्या, दीड बिटाच्या (जादा अर्धा बिट चुका दुरुस्त करायला) आठ स्टेज आणि शेवटी दोन बिटांचा फ्लॅश, म्हणजे एकदम निर्णय देणारा छोटा एडीसी. पहिली स्टेज चांगली जमली म्हणून तीच पुढे सात वेळा कॉपी केली. सगळं मिळून ७२ मिलिवॉट लागतात, आणि गाइड सरांना ३०च्या आत हवेत. ऑप-अँपचा (प्रत्येक स्टेजमधल्या अँप्लिफायरचा) बायस करंट, म्हणजे त्याला सतत लागणारा करंट, २० टक्के कमी करून पाहिला, तर ईनॉब (प्रत्यक्ष मिळणारे उपयोगी बिट) ९.४ वरून ७.८ वर घसरला. खर्चाचा तक्ता सोबत जोडला आहे. कुठून सुरुवात करू? आणि ऑप-अँप शेअरिंग करू का, म्हणजे शेजारच्या दोन स्टेजना मिळून एकच ऑप-अँप?

उत्तर : तक्ता जोडलास ते फार बरं केलंस. नुसता एकूण आकडा आला की सल्ला अंदाजाने द्यावा लागतो. इतर वाचकांसाठी तो इथे देते : सॅम्पल-अँड-होल्ड ९ मिलिवॉट, आठ स्टेज प्रत्येकी साडेपाच म्हणजे ४४, दोन व्होल्टेजची तुलना करणारे एकोणीस कम्पॅरेटर मिळून ८, आणि संदर्भ व्होल्टेज पुरवणारा रेफरन्स बफर, बायस व क्लॉक यांचे ११.

बायस सरसकट कमी करून का भागत नाही, ते आधी बघू. तुझ्या क्लॉकचा अर्धा काळ १० नॅनोसेकंदांचा. नॉन-ओव्हरलॅपमध्ये (दोन क्लॉकमधल्या मोकळ्या फटीत) १ गेला, स्लूइंगमध्ये (ऑप-अँप पूर्ण करंटने धावतो त्या काळात) साधारण ३ गेले, तर नीट स्थिरावायला उरतात ६. पहिल्या स्टेजला हजारात एकाच्या अचूकतेने स्थिरावायचं तर सात टाइम-कॉन्स्टंट हवेत; दर टाइम-कॉन्स्टंटला उरलेली चूक साधारण एक-तृतीयांश होते. करंट २० टक्के घटवलास की स्लूइंग लांबतं आणि टाइम-कॉन्स्टंटही वाढतो, त्यामुळे सातच्या जागी जेमतेम पाच बसतात. चूक हजारात एकावरून हजारात सातावर जाते. तुझा ईनॉब गेला तो इथेच. माझ्या पहिल्या चिपच्या वेळी आमच्या टीमने असाच थोडा करंट वाचवला होता. टिपिकल कॉर्नरला, म्हणजे नेहमीच्या परिस्थितीच्या सिम्युलेशनला, सगळं उत्तम दिसलं. चिप हातात आल्यावर हीट चेंबरमध्ये ८५ अंशांवर ठेवली, आणि संध्याकाळभर आम्ही तिघं घसरत जाणारा एसएनआर (सिग्नल-नॉइज गुणोत्तर) बघत बसलो. तापमान वाढलं की ट्रान्झिस्टरचा जीएम (व्होल्टेज बदलला की करंट किती बदलतो ते) घटतो. सेटलिंगमधून (स्थिरावण्याच्या वेळेतून) उसनं घेतलेलं तिथे व्याजासकट फेडावं लागलं. म्हणून वेग आहे तसाच ठेव. कमी करायचं ते ओझं.

ओझं म्हणजे कपॅसिटर. तू प्रत्येक स्टेजला २ पिकोफॅरड दिलेत. म्हणजे प्रत्येक ऑप-अँपला पुढच्या स्टेजचे २ आणि स्वतःच्या फीडबॅकचा अर्धा असे अडीच पिकोफॅरड हलवावे लागतात. फीडबॅक फॅक्टर (आउटपुटचा इनपुटला परत येणारा भाग) अर्धा धरला तर त्या वेगासाठी जीएम जवळपास ५.८ मिलिसीमेन्स लागतो. जीएम-बाय-आयडी (जीएम भागिले करंट) १२ धर, म्हणजे इनपुट जोडीलाच १ मिलिअँपियर, आणि फोल्डेड कॅस्कोड रचनेच्या ऑप-अँपमध्ये त्याच्या दुप्पट. झाले ३.६ मिलिवॉट. त्यात कॉमन-मोड फीडबॅक (दोन आउटपुटची सरासरी जागेवर ठेवणारं सर्किट), बायस आणि पॅरासिटिक (तारा-ट्रान्झिस्टरचे नको असलेले कपॅसिटन्स) मिळव, की तुझे साडेपाच येतात. म्हणजे तुझा ऑप-अँप उधळ्या नाही, त्याच्या डोक्यावरचं ओझंच जास्त आहे.

आता विचार कर, हे २ पिकोफॅरड कुणी मागितले होते? कपॅसिटर लहान केला की केटी-बाय-सी नॉइज (उष्णतेमुळे कपॅसिटरवर येणारा गोंगाट) वाढतो, ही भीती रास्त आहे. पण आकडे मांडून बघ. फुल स्केल डिफरेन्शियल (दोन तारांतल्या फरकाने मोजलेला) २ व्होल्ट, १० बिट, म्हणजे एक एलएसबी (सर्वांत लहान पायरी) १.९५ मिलिव्होल्ट आणि त्या पायऱ्यांमुळे येणारा क्वांटायझेशन नॉइज ५६४ मायक्रोव्होल्ट. तुझ्या २ पिकोफॅरडच्या पहिल्या स्टेजचा डिफरेन्शियल नॉइज ६४ मायक्रोव्होल्ट. इतकी शांतता इथे कुणाच्याच कामाची नाही. ५६४च्या गोंगाटात ती ऐकूच येणार नाही.

शिवाय दुसऱ्या स्टेजचा नॉइज इनपुटला पोचतो तो पहिल्या स्टेजच्या २ गेनने भागून, म्हणजे पॉवरमध्ये एक चतुर्थांश. तिसऱ्याचा सोळावा भाग. मग तिसऱ्या-चौथ्या स्टेजला पहिलीइतका मोठा कपॅसिटर कशासाठी? घरातल्या प्रत्येक खोलीला वाड्याचा दिंडी दरवाजा कुणी बसवत नाही. बर्कली विद्यापीठाच्या क्लाइन आणि ग्रे यांनी १९९६ मध्ये १३ बिटांच्या पाइपलाइनसाठी हा हिशेब नीट मांडला. कॉपी-पेस्टचा मोह मोठा असतो, कारण एका स्टेजचा लेआउट आठदा वापरता येतो. तो मोह तुला महिन्याभराचं काम वाचवून देतो, पण सोनोग्राफीच्या यंत्रात असे ६४ चॅनेल असतील तर ७२ मिलिवॉटचे साडेचार वॉट होतात, आणि तेवढी उष्णता त्या छोट्या पेटीतून बाहेर काढावी लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रात दुपारी वीज गेलेली असताना गरोदर बाईची तपासणी त्याच बॅटरीवर पुरी व्हायची आहे. हा विचार डोक्यात ठेवून स्टेज छोट्या कर.

माझा प्रस्ताव : पहिली स्टेज १ पिकोफॅरड, दुसरी ०.५, तिसरीपासून पुढे सगळ्या ०.२५. त्याहून खाली जाऊ नकोस. तिथे पॅरासिटिक आणि कम्पॅरेटरचा इनपुट कपॅसिटन्सच मोठा होऊन बसतो, फायदा उरत नाही. आठही स्टेजचा केटी-बाय-सी मिळून नॉइज सुमारे १२३ मायक्रोव्होल्ट येतो, आधी ७४ होता. एसएनआरला फटका ०.२ डेसिबलचा. ऑप-अँपचा स्वतःचा नॉइज तेवढाच आणखी धरलास तरी ०.४. पॅरासिटिकमुळे करंट कपॅसिटरच्या प्रमाणात घटत नाही, म्हणून मी सावधपणे धरते : पहिली साडेतीन मिलिवॉट, दुसरी दोन, बाकी सहा प्रत्येकी सव्वा ते दीड. ४४चे साधारण १४ होतात. पहिल्या स्टेजच्या कपॅसिटरचं मॅचिंग (जोडीतला सारखेपणा) मात्र मोंटे कार्लोत (यादृच्छिक फरक घालून केलेल्या सिम्युलेशनमध्ये) तपासल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

मग सॅम्पल-अँड-होल्ड. तो काढून टाक. कम्पॅरेटर आणि मुख्य मार्ग एकाच क्षणी नमुना घेतील का, ही शंका येईल. तुझा सिग्नल जास्तीत जास्त २५ मेगाहर्ट्झ, अँप्लिट्यूड १ व्होल्ट, म्हणजे सर्वांत तीव्र चढ नॅनोसेकंदाला १५७ मिलिव्होल्ट. दोन मार्गांत १०० पिकोसेकंदांचा फरक पडला तरी चूक १६ मिलिव्होल्टची. दीड बिटाच्या रिडंडन्सीत (त्या जादा अर्ध्या बिटामुळे) २५० मिलिव्होल्टपर्यंतची चूक माफ असते. हाच एडीसी उद्या २०० मेगाहर्ट्झच्या सिग्नलवर लावायचा झाला तर ती चूक १२६ होते आणि अर्धी माफी तिथेच संपते, तेव्हा मी हा सल्ला देणार नाही. एक किंमत आजही आहे : पहिल्या स्टेजचे कम्पॅरेटर निर्णय घेईपर्यंतचा वेळ तिच्या सेटलिंगमधून जातो. पहिल्या ऑप-अँपला त्यासाठी थोडा करंट जास्त दे. तरीही ९मधले आठ वाचतात.

तीच २५० मिलिव्होल्टची माफी कम्पॅरेटरलाही लागू आहे. तू प्रत्येकाला स्थिर करंटचा प्रीअँप (आधीचा छोटा अँप्लिफायर) दिलास, तो ऑफसेट (तुलनेतली कायमची चूक) कमी करायला. पण इथे ऑफसेट ३०-४० मिलिव्होल्ट असला तरी बिघडत नाही. साधा डायनॅमिक लॅच वापर, फक्त क्लॉकच्या काठावरच वीज घेणारा. ८चे दीड होतील. त्याचा किकबॅक (उलटा धक्का) रेफरन्सवर किती येतो तेवढं बघ.

ऑप-अँप शेअरिंगचं तू पत्राच्या शेवटी विचारलं आहेस. आत्ता नको. स्टेज छोट्या केल्यावर शेजारच्या दोन ऑप-अँपचे आकार वेगळे होतात, आणि शेअर केलेल्या ऑप-अँपला रीसेट व्हायला वेळ मिळत नसल्याने मागच्या नमुन्याची आठवण पुढच्यात मिसळते. उरलेला फायदा त्या त्रासाच्या मानाने लहान आहे.

बेरीज कर : स्टेज १४, पहिल्या ऑप-अँपची भर १, कम्पॅरेटर दीड, रेफरन्स-बायस-क्लॉक ११. साडेसत्तावीस. रेफरन्स बफरवरचा भारही कमी झाला आहे, त्यामुळे त्या ११मधूनही काही सुटेल. काहीही झालं तरी रेफरन्स बफरचा खर्च एकूण आकड्यातून वगळू नकोस. प्रबंधात तो वगळलेला दिसला की मी पुढचे आकडे वाचताना हात आखडता घेते.

प्रश्न : पुण्यात चिप डिझाइनमध्ये आहे. १० बिट, ५ कोटी नमुने यासाठी आज सगळे सार एडीसी (एका कम्पॅरेटरने एकेक बिट शोधत जाणारा) वापरतात. मग विद्यार्थ्यांनी पाइपलाइनवर वेळ का घालवावा?

उत्तर : ६५ नॅनोमीटर आणि त्याखाली तुमचं म्हणणं खरं आहे. तिथे ऑप-अँपशिवायचा सार याच कामाला खूप कमी वीज घेतो, आणि मीही तोच निवडीन. पण बिट वाढले आणि वेग शेकडो मेगाहर्ट्झवर गेला की दोन सारच्या मध्ये रेसिड्यू अँप्लिफायर (उरलेला भाग मोठा करणारा) घालावा लागतो, म्हणजे पुन्हा पाइपलाइनच. तो अँप्लिफायर रिंग अँप्लिफायर (इन्व्हर्टरच्या साखळीचा) असेल, किंवा संशोधक मुरमन आणि बोझर यांनी २००३ मध्ये दाखवल्याप्रमाणे ओपन-लूप (फीडबॅकशिवाय) ठेवून त्याचा वाकडेपणा डिजिटलमध्ये सरळ केलेला असेल. कुठल्या स्टेजला किती नॉइज परवडतो आणि किती वेळ मिळतो, हा हिशेब तिथेही हाच करावा लागतो. सांगलीच्या मुलीच्या हातात १८० नॅनोमीटरची लायब्ररी आहे. तिने हा हिशेब त्या लायब्ररीवरच शिकावा.