अल्ट्रासाउंडने मेंदूवर उपचार: तुमचे प्रश्न

प्रश्न: बरीच वर्षं नैराश्यावरच्या गोळ्या घेतेय, म्हणावा तसा फरक नाही. अल्ट्रासाउंडने नैराश्य बरं होतं असं वाचलं. गोळ्या थांबवून ते करून घेऊ का?

गोळ्या थांबवू नका. नैराश्यासाठी हा उपचार अजून संशोधनाच्या टप्प्यावर आहे. त्यात दोन अगदी वेगळे मार्ग आहेत. एकात मेंदूच्या खोलवरच्या, भावनांशी संबंधित भागावर सौम्य ध्वनिलहरी सोडतात; तिथे काहीही जाळत नाहीत. दुसऱ्यात भावनांशी संबंधित मेंदूच्या जाळ्यातला एक बारीक भाग उष्णतेने कायमचा निकामी करतात. दोन्हींचे अभ्यास थोड्याच रुग्णांवर झालेत. काहींना आराम पडला, पण त्यावरून मी तुम्हाला 'करून घ्या' म्हणणार नाही.

आत्ताच्या औषधाचा डोस पुरेसा आहे का, ते पुरेसे आठवडे घेतलं का, थायरॉइड तपासलं का, हे मनोविकारतज्ज्ञांना विचारा. चुंबकीय लहरींच्या टीएमएस उपचाराला अमेरिकेत 2008 मध्येच मान्यता मिळाली. तीव्र नैराश्यात ईसीटी, म्हणजे भूल देऊन मेंदूला दिलेला विजेचा सौम्य झटका, आजही फार प्रभावी आहे. तिच्याबद्दलच्या भीतीपायी कितीतरी रुग्ण विनाकारण सोसत राहतात, याचं मला वाईट वाटतं. आणि जीव नकोसा वाटत असेल, तर आजच घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगा.

प्रश्न: सोनोग्राफीत तर काहीच होत नाही. मग त्याच लहरींनी मेंदूतला भाग जळतो कसा?

भिंगाने ऊन एका ठिपक्यावर आणावं, तसं. डोक्यावरच्या हेल्मेटमध्ये लहरी सोडणारे 1024 उगम असतात. एकेकाची लहर दुबळी असते. सगळ्या जिथे एकत्र येतात, तिथलं तापमान 55 ते 60 अंशांवर जातं आणि काही मिलिमीटरचा भाग निकामी होतो. खरी अडचण कवटीची. ती लहरी शोषते, वाकवते, स्वतः तापते. 1950च्या दशकात अशा प्रयोगांसाठी हाडाचा तुकडा काढावा लागे. आता आधी सीटी स्कॅन करून प्रत्येक लहरीची वेळ जुळवतात आणि डोक्याभोवती गार पाणी फिरवतात. तरीही काहींची कवटी या उपचाराला चालत नाही.

प्रश्न: बाबांचा उजवा हात इतका थरथरतो की कप धरवत नाही. पार्किन्सन नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यांना उपयोग होईल?

औषधं लागू पडली नसतील, तर होऊ शकतो. अशा कंपासाठी अल्ट्रासाउंडच्या उष्णतेने भाग निकामी करण्याच्या उपचाराला अमेरिकेत 2016 मध्ये मान्यता मिळाली. डोक्याचे सगळे केस काढतात, जागा बधिर करून फ्रेम स्क्रूने बसवतात आणि एमआरआय यंत्रात उपचार करतात. रुग्ण जागा असतो. आधी थोडीच उष्णता देऊन जागा बरोबर आहे ना ते पाहतात. मधे मधे त्याला गोल गोल चकलीसारखी रेघ काढायला लावतात. सुरुवातीची दातेरी रेघ हळूहळू गुळगुळीत होत जाते.

पण निकामी केलेला भाग परत येत नाही. ओठांना, बोटांना मुंग्या येणं, चालताना तोल जाणं असे त्रास होतात. बहुतेकांचे ओसरतात, काहींचे राहतात. पुढे कंप थोडाफार परतूही शकतो. पेसमेकर असेल तर आधीच सांगा.

प्रश्न: आईला अल्झायमर आहे. तिच्यासाठी?

अजून नाही. रक्तात सूक्ष्म बुडबुडे सोडून, रक्तातली बरीच औषधं मेंदूत जाऊ न देणारा रक्तवाहिन्यांचा अडसर लहरींनी काही तास उघडता येतो. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तीन रुग्णांमध्ये, औषधासोबत लहरी दिलेल्या भागातलं अमायलॉइड (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन) जास्त कमी झालं. आठवण सुधारली, असं त्यातून सिद्ध होत नाही.