चिकोडी-निपाणी भागातली एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, विदेशी दुधाळ जात) संकरित गाय चार वेतांतच (चारदा व्याल्यावरच) का संपते?

बहुतेक गोठ्यांत कारणं दोनच: एचएफचं रक्त झेपेल त्यापेक्षा जास्त, आणि वैरणीत नुसतं उसाचं वाढं (शेंड्याचा हिरवा पाला). गाईचं आयुष्य १५-२० वर्षांचं. पण गाभण न राहणं, कासदाह आणि खुरांचं दुखणं यांपायी ती आधीच विकावी लागते. संकरित कालवडीला पुन्हा एचएफचंच सिमेन देऊन गाभण करत गेलं की तिसऱ्या पिढीत रक्त ८७.५ टक्क्यांवर जातं. अशी गाय एप्रिल-मेच्या उन्हात धापा टाकते, चारा सोडते, तिचा माजही कळत नाही. ७५ टक्क्यांच्या गाईला ५० टक्क्यांच्या संकरित वळूचं सिमेन द्या, वासरू ६२.५ वर येतं.

वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम धरून ठेवतं. गळीत हंगामभर तेच घातलं की गाय व्याल्यावर कॅल्शियम कमी पडून उठता न येता बसून राहण्याचा धोका वाढतो. म्हणून:

- वाढं निम्म्याच्या आत. सोबत कडबा, थोडा लसूणघास, रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण.
- गोळी पेंड गाईच्या स्वतःच्या पोषणासाठी दीड किलो, वर दर अडीच लिटर दुधाला एक किलो, दोन-तीन वेळा विभागून. एकदम घातली तर पोटात आम्ल वाढतं आणि खुरं सुजतात. लंगडणारी गाय माजही दाखवत नाही.
- विण्याआधी ६० दिवस गाय आटवाच, म्हणजे दूध काढणं बंद ठेवा.
- कालवड २५० किलोची होईपर्यंत गाभण करू नका.

खिलार किंवा कृष्णाकाठची देशी गाय जास्त वेतं टिकते हे खरं, पण तिचं दूध थोडं, म्हणून अंगावर ताणही कमी. डेअरीला दूध घालायचं असेल तर ही तुलना जपून करा.