डायग्नोसिस नाही, तरी डीएलए मिळेल का?

प्रश्न : ताई, आम्ही बरीच वर्षं लेस्टरला आहोत, सगळ्यांना आयएलआर (यूकेत कायम राहण्याची परवानगी) मिळालंय. मुलगा आठ वर्षांचा. चिडला की हातात येईल ते फेकतो, भिंतीवर डोकं आपटतो, शाळेतून आठवड्यात दोन-तीनदा फोन असतोच. एडीएचडीच्या (लक्ष न लागणं, अति चंचलपणा) टेस्टसाठी दीड वर्ष वेटिंगवर आहोत. मैत्रीण म्हणते डीएलएचा (अपंग मुलांसाठीच्या सरकारी भत्त्याचा) फॉर्म भर, नवरा म्हणतो आपलं पोरगं काय अपंग आहे का, आणि डॉक्टरांचा कागदच नाही तर देणार कोण?

उत्तर : कागद नसला तरी फॉर्म भरता येतो, आधी ते डोक्यातून काढा. डीएलए, म्हणजे डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स, १६ वर्षांखालच्या मुलांसाठी आहे आणि त्यात आजाराच्या नावापेक्षा त्याच वयाच्या इतर मुलांहून ह्याच्याकडे किती जास्त लक्ष द्यावं लागतं ते बघतात. हे ३ महिन्यांपासून चालू हवं आणि पुढे निदान ६ महिने चालेल असं दिसायला हवं. तुमचा पगार किती हे धरत नाहीत.

घोळ होतो तो लिहिण्यात. आपण फॉर्ममध्येपण पाहुण्यांसमोर बोलतो तसंच लिहितो, जरा हट्टी आहे पण मनाने चांगला आहे वगैरे. एकीने मला फॉर्म दाखवला, त्यात 'दात घासायला हेल्प लागते' एवढंच, आणि खोदून विचारलं तर म्हणे दारात उभं राहून चारदा सांगायचं, मग पेस्ट आरशाला फासलेली, ब्रश कमोडमध्ये, शेवटी मीच धरून घासते, पंचवीस मिनिटं जातात, आणि हे दिवसातून दोनदा. अगं बाई, मग हेच लिही ना!

आठवडाभर वहीत वेळ टाकून लिहा. रात्री किती वेळा उठता, किती वेळ जागता ते नक्की लिहा, कारण केअरच्या (देखभालीच्या भागाच्या) तीन रेटपैकी सगळ्यात वरचा सहसा दिवस-रात्र दोन्हीकडे गरज असेल तरच मिळतो. रस्त्यात हात सोडून पळत असेल तर मोबिलिटीचा (बाहेर ये-जा करण्याचा) भागपण भरा, त्यातला कमी रेट ५ वर्षांपासून मिळतो. शाळेच्या सेन्कोकडून (विशेष गरजांच्या मुलांकडे बघणाऱ्या शिक्षकांकडून) पत्र घ्या, त्या फोनांच्या तारखांसकट.

फॉर्म फोन करून मागवा, ६ आठवड्यांत परत पाठवलात तर क्लेम फोन केल्या दिवसापासून धरतात. नाही म्हणाले तर १ महिन्यात मँडेटरी रिकन्सिडरेशन (निर्णयाचा फेरविचार) मागायचं, तिथेही नाही झालं तर ट्रायब्युनलकडे अपील. (वर्क व्हिसावरच्या वाचकांनो, तुम्ही मात्र आधी इमिग्रेशनवाल्या सल्लागाराला विचारा, 'पब्लिक फंड्स'ची (सरकारी भत्ते न घेण्याची) अट असताना क्लेम केला तर व्हिसा अडचणीत येऊ शकतो.)

आणि नवऱ्याशी वाद घालू नका, त्या वहीतल्या दोन रात्री त्यांना जागून लिहायला सांगा.