वाचक विचारतात : मावशीने घेतलेल्या मुलाखतींचं काय करू?

प्रश्न : माझी मावशी कॉलेजात समाजशास्त्र शिकवायची. १९९० नंतरच्या काळात तिने सिन्नर आणि आजूबाजूच्या गावांतल्या विड्या वळणाऱ्या बायकांच्या मुलाखती टेप केल्या होत्या. मुलाखती म्हणजे पूर्ण आयुष्यच, लग्न, बाळंतपणं, मजुरीवरून झालेली भांडणं, सगळं. मावशी मागच्या वर्षी गेली. आता पेटीभर कॅसेटी, वह्या आणि थोडे फोटो माझ्या फ्लॅटमध्ये आहेत. घरचे म्हणतात रद्दीत द्या, एक ओळखीचे म्हणाले सगळं यूट्यूबवर टाका म्हणजे कायमचं राहील. मला दोन्ही पटत नाहीये.
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : ताई, दोन्ही करू नका. रद्दीत घालणं म्हणजे त्या बायकांचं बोलणं संपवणं, आणि यूट्यूबवर टाकणं म्हणजे त्यांना न विचारता त्यांचं घर चारचौघांत उघडं करणं. मधला रस्ता आहे, तो वेळखाऊ आहे पण करण्यासारखा आहे.

आधी कॅसेटी वाचवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात टेपला बुरशी लागते, त्यामुळे पेटी माळ्यावर किंवा बाथरूमच्या भिंतीला लागून असेल तर आजच हलवा. कोरड्या जागी, उभ्या ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका. प्रत्येक कॅसेटच्या वरच्या कडेला दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे असतात ते तोडून टाका म्हणजे चुकून कोणी त्यावर रेकॉर्ड करणार नाही. पांढरी बुरशी दिसत असेल तर ती कॅसेट डेकमध्ये घालू नका, आत टेप तुटेल आणि बुरशी पुढच्या कॅसेटलाही लागेल, ती जाणकाराकडेच द्या. बाकीच्या डिजिटल करा. इथे शॉर्टकट नाही, तासाभराच्या कॅसेटला तासभर लागतोच. फाईल वेव्ह फॉरमॅटमध्ये (आवाज न दाबता ठेवणारी .wav फाईल) ठेवा, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओत ठेवलं तर तासाला साधारण एक जीबी होते. फक्त एमपीथ्री करून मूळ फाईल उडवू नका, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला ऑडिओ म्हणजे जतन नाही. तीन कॉपी हव्यात, त्यातली एक दुसऱ्या घरी किंवा दुसऱ्या शहरात.

आता वह्या. लोक कॅसेटी जपतात आणि वह्या टाकून देतात, मला ते बघून फार वाईट वाटतं, कारण नुसत्या आवाजातून कळत नाही की ती बाई बोलताना सासू शेजारी बसलेली होती का, हातात सूप होतं का, हजार विड्या पूर्ण करायची घाई होती का. एखादी बाई नवऱ्याविषयी काहीच बोलली नसेल तर ते न बोलणं नेमकं कशामुळे होतं हे मावशीच्या टिपणातूनच कळेल. प्रत्येक कॅसेटला नंबर द्या, तोच नंबर वहीतल्या पानाला आणि फोटोला द्या. तारीख, गाव, कोण विचारत होतं, अजून कोण खोलीत होतं, जेवढं सापडेल तेवढं एका तक्त्यात लिहा. मावशीच्या सोबत गावात जाणारं कोणी हयात असेल तर त्यांना गाठून विचारा, हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका.

हे दुखणं फक्त आपल्याकडचं नाही. ब्रिटनमध्ये १९९१ साली छोटी पाहणी झाली तेव्हा दिसलं की गुणात्मक संशोधनाचं, म्हणजे आकड्यांऐवजी मुलाखती-टिपणांवर चालणाऱ्या अभ्यासाचं, ९० टक्के साहित्य एकतर हरवलंय किंवा संशोधकांच्या घरात-ऑफिसात धोक्यात पडलंय. त्यातूनच १९९४ मध्ये एसेक्स विद्यापीठात पॉल थॉम्पसन यांनी असं साहित्य जपण्यासाठी क्वालिडेटा नावाचं केंद्र सुरू केलं. थॉम्पसन स्वतः १९७० च्या सुमारास पहिल्या महायुद्धाच्या आधीचं जग पाहिलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या शेकडो मुलाखती घेणाऱ्यांपैकी, त्यामुळे टेप कपाटात राहिली की काय होतं हे त्यांना माहीत होतं.

आणि सगळ्यात अवघड भाग, परवानगी. मावशीने तेव्हा विचारलं असेल ते स्वतःच्या अभ्यासापुरतं. आर्काइव्हमध्ये, म्हणजे अभ्यासकांसाठीच्या संग्रहात, ठेवू का, अनोळखी माणसाने ऐकलं तर चालेल का, हे त्या काळी क्वचितच कोणी विचारायचं. म्हणून सिन्नरला जा. ज्या हयात आहेत त्यांना किंवा त्यांच्या मुलींना त्यांचीच कॅसेट ऐकवा आणि मग विचारा. काही जणी म्हणतील ठेवा, काही म्हणतील तेवढं भांडणाचं काढा, एखादी नाही म्हणेल, तर तिचं नाही म्हणजे नाही. ज्यांचा पत्ताच लागत नाही त्यांच्या मुलाखती फेकू नका, बंद ठेवा, लेखी अर्ज करणाऱ्या अभ्यासकाला नाव न छापण्याच्या अटीवर जिथे ठेवल्या असतील तिथेच बसून ऐकायला-वाचायला द्यायच्या. नाव बदललं की झालं असं मात्र समजू नका. "गावातली ग्रामपंचायतीवर निवडून आलेली पहिली विडी कामगार बाई" एवढं वाचून अख्खं गाव ओळखेल, आणि आवाज तर ओळखू येतोच.

ठेवायचं कुठे? मावशीचं कॉलेज, विद्यापीठ, एखादं जुनं ग्रंथालय, आपलं नाशिकचं सार्वजनिक वाचनालय तर १८४० पासूनचं आहे, तिथेही बोलून बघा. पण देण्याआधी लेखी विचारा की फाईली कोण सांभाळणार, अटी कोण पाळणार, आणि एखाद्या बाईने दहा वर्षांनी परत मागितलं तर काय. उत्तर गोलमोल आलं तर थोडं थांबा आणि दुसरीकडे बघा.

प्रश्न : मी पेठ-सुरगाण्याहून निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत कामाला येणाऱ्या कुटुंबांवर पीएचडी करतोय. एका सीनियरच्या दहा वर्षांपूर्वीच्या मुलाखती मला मिळू शकतात पण गाइड म्हणतात दुसऱ्याच्या शिळ्या मुलाखतींवर पीएचडी होत नाही. आणि माझ्या मुलाखतींसाठी संमतीपत्रात नेमकं काय लिहू?
– एक संशोधक विद्यार्थी, पंचवटी

उत्तर : गाइड सरांना आदराने सांगा की होतं. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंड आणि वेल्समधल्या १७३ वृद्धाश्रमांचा अभ्यास केला होता, त्यांची टिपणं, मुलाखती, फोटो नीट जपले गेले म्हणून जवळपास पन्नास वर्षांनी दुसऱ्या संशोधकांना त्याच आश्रमांचं पुढे काय झालं हे शोधता आलं. ताज्या मुलाखतींतून हे कधीच मिळालं नसतं, काळ मागे जाऊन विचारता येत नाही. तुमच्याकडे तर सोन्यासारखी संधी आहे, सीनियरच्या मुलाखती आणि तुमचं आजचं फिल्डवर्क शेजारी ठेवलं तर उचल, मजुरी, मुलांची शाळा यात दहा वर्षांत काय बदललं हे लोकांच्याच तोंडून कळेल.

मर्यादाही लिहा. सीनियरने जे विचारलंच नाही त्याचं उत्तर त्या कागदांत नसणार, आणि त्यावरून "लोकांना याचं काही वाटत नव्हतं" असा निष्कर्ष काढणं चूक आहे. सीनियरशी दोन-तीनदा निवांत बसा. आणि त्या कुटुंबांनी संमती कशासाठी दिली होती ते आधी बघा, मग हात लावा.

संमतीपत्रात तीन गोष्टी वेगळ्या विचारा, मुलाखत द्यायची का, ती जपून ठेवू का, पुढे दुसऱ्या अभ्यासकाला देऊ का. एका सहीत सगळं उरकू नका. ज्यांना वाचता येत नाही त्यांना त्यांच्या बोलीत समजावून तोंडी होकार रेकॉर्ड करा, तोही मुकादम समोर नसताना. जे पाळता येणार नाही ते वचन देऊ नका. अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजने २००१ ते २००६ मध्ये उत्तर आयर्लंडच्या संघर्षातल्या माणसांच्या मुलाखती घेतल्या, तुम्ही जिवंत असेपर्यंत बाहेर जाणार नाहीत असं त्यांना सांगितलं गेलं, आणि २०११ मध्ये पोलिस तपासासाठी कोर्टाचे आदेश आले, काही टेपा द्याव्या लागल्या. म्हणून "पूर्ण गुप्त राहील" असं लिहू नका, "कायद्याने भाग पाडलं नाही तर" हे जोडा आणि तोंडीही सांगा. आपला २०२३ चा डेटा संरक्षण कायदा संशोधन आणि जतनासाठी सवलत देतो, पण त्या माहितीवरून त्या व्यक्तीबद्दल कुठला निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवलेले निकष पाळायचे या अटीवर. मजुराने ठेकेदाराबद्दल सांगितलेलं ठेकेदारापर्यंत पोचलं तर त्याचा पुढच्या हंगामाचा रोजगार जाईल, हे मनात ठेवूनच फाईलला पासवर्ड लावा.

प्रश्न : आजोबांचे वडील काळाराम मंदिर सत्याग्रहात होते. आजोबांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्यात. नाव लपवायचं का?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : आजोबांना विचारा, आणि माझा अंदाज आहे ते म्हणतील नाव मोठ्या अक्षरात लिहा. प्रत्येक वेळी नाव झाकणं म्हणजे आदर असं नसतं. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांच्या गटाने खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्यांत ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव दिलंय, नाहीतर त्या बायका कायमच्या "एक अनामिक स्त्री" होऊन गेल्या असत्या.

सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, म्हणजे आजोबा सांगतील ते बरंचसं वडिलांकडून ऐकलेलं असेल. त्यांनी स्वतः पाहिलेलं कोणतं आणि ऐकलेलं कोणतं हे बोलता बोलताच विचारत जा, दोन्ही मोलाचं आहे पण वेगळं आहे. पंखा बंद करा, मोबाईल एअरप्लेन मोडवर टाका, आजोबा दमले की थांबा. आणि रेकॉर्डिंग कुठेही देण्याआधी ते आजोबांना पूर्ण ऐकवा, त्यांना जे काढायचं असेल ते काढू द्या.