मोफत कोर्सवर खड्यांची पारख शिकता येईल का?

प्रश्न : काका, मी बी.कॉम. झाले आहे आणि सोलापुरात एका सराफी पेढीत काउंटरला असते. गिऱ्हाईक माणिक नाहीतर पुष्कराज पुढ्यात ठेवून ‘खरा आहे का बघा हो’ म्हणतं, तेव्हा मला मालकांकडे बघावं लागतं. मुंबईला राहून डिप्लोमा करायला घरी पैसे नाहीत. इंटरनेटवर रत्नशास्त्राचे मोफत कोर्स दिसतात. त्यातून काही हाती लागेल का? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : लागेल, पुष्कळ लागेल. मात्र मोफत मिळते ती विद्या. फुकट मिळालेल्या प्रमाणपत्राला बाजारात कुणी विचारत नाही, तेव्हा त्याच्या मागे लागू नकोस.

अमेरिकेतल्या जीआयए या रत्नशास्त्राच्या संस्थेच्या संकेतस्थळावर एकेका रत्नाची माहिती आहे. त्यांच्या ‘जेम्स अँड जेमॉलॉजी’ या त्रैमासिकाचे १९३४ पासूनचे अंकही तिथे फुकट वाचता येतात. त्यातले खड्याच्या पोटातले फोटो मी आजही बघत बसतो. एनपीटीईएल या मोफत व्याख्यानांच्या संकेतस्थळावर आपल्या आयआयटीतल्या प्राध्यापकांची खनिजशास्त्राची व्याख्यानं आहेत. ती ऐकायला पैसे पडत नाहीत, परीक्षेला बसायचं असेल तरच फी. स्फटिकांच्या रचनेचा भाग रुक्ष वाटेल, पण तो गाळू नकोस. माणिक आणि लाल स्पिनेल डोळ्यांना सारखे दिसतात, पण माणकात प्रकाशकिरण दुभंगतो आणि स्पिनेलमध्ये नाही. ते का, हे तिथेच कळतं.

सगळी नवरत्नं एकदम शिकायला घेऊ नकोस. कुरुंद धर. माणिक, नीलम आणि आपण ज्याला पुष्कराज म्हणतो तो पिवळा नीलम, ही एकाच खनिजाची भावंडं. काठिण्य १० पैकी ९, वक्रीभवनांक (खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो त्याचं माप) १.७६ ते १.७७, विशिष्ट गुरुत्व (तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट जड) ४ च्या आसपास. हे आकडे पाठच कर.

मग पेढीवरचा कॅरेटचा काटा कामाला लाव. खडा सुटा हवा, अंगठीत बसवलेला चालणार नाही. आधी तो कोरडा तोल. समज, ५.३० कॅरेट भरला. आता काट्यावर पाण्याची छोटी वाटी ठेव आणि काटा शून्यावर आण. खडा बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडव, पण तळाला आणि कडेला टेकू देऊ नकोस. काटा जो आकडा दाखवेल ते खड्याने सारलेल्या पाण्याचं वजन. तो २.०० आला तर ५.३० ला २ ने भाग : २.६५. हे खड्याचं विशिष्ट गुरुत्व, आणि ते ४ च्या जवळपासही नाही. म्हणजे तो पुष्कराज नाही. बहुधा सुनेला, क्वार्ट्‌झच्या जातीचा. तितक्याच वजनाचा पुष्कराज असता तर काटा १.३२ च्या आसपास थांबला असता. खड्याला बुडबुडे चिकटले तर आकडा चुकतो, म्हणून पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाक. एक कॅरेटच्या आतल्या खड्यावर मात्र या रीतीचा भरवसा धरू नकोस.

सरावाला महागडे खडे लागत नाहीत. आपला सारा जिल्हा दख्खनच्या काळ्या पाषाणावर बसलाय. विहिरीच्या खोदकामातले दगड बघ, त्यांच्या पोकळ्यांत स्फटिक आणि अकीक सापडतात. ते घरी आण, तोल, वहीत लिही.

आता अवघड भाग. फ्रान्सच्या व्हर्नईंनी १९०२ मध्ये ज्वालेत माणिक तयार करण्याची रीत जाहीर केली. ते माणिकच असतं, फक्त खाणीतलं नसतं. वजन, काठिण्य, वक्रीभवनांक सगळं जुळतं, त्यामुळे काटा इथे गप्प बसतो. दहापटीचं चांगलं भिंग घे आणि खडा हळूहळू फिरवत आत बघ. ज्वालेतल्या माणकात कमानीसारख्या वाकड्या रेघा आणि कधी गोल बुडबुडे दिसतात. खाणीतल्या माणकात वाढीच्या रेघा सरळ किंवा कोनात वळलेल्या असतात, आणि पुष्कळदा सुईसारखे बारीक तंतूही. दोन्हींचा एकेक नमुना मालकांकडून मागून घे आणि जमेल तेव्हा आलटूनपालटून बघ. व्हिडिओत रेघ दाखवतात, ती आपल्या हाताने खडा वळवून शोधणं निराळं. ही नजर कुठलाच कोर्स देत नाही, म्हणून मोफत शिकणाऱ्याने आपला वेळ इथेच ओतावा.

नीलम तापवून रंग खुलवलाय का, पाचूत तेल भरलंय का, याचा निवाडा काउंटरवर बसून देऊ नकोस. तिथे प्रयोगशाळेचीच चिठ्ठी लागते, आणि ‘लॅबला पाठवू या’ असं गिऱ्हाइकाला सरळ सांगण्यात काही कमीपणा नाही. कुठल्या राशीला कुठला खडा, हेही तुझं काम नव्हे. समोर ठेवलेला खडा काय आहे, एवढंच सांग.

असं वर्षभर केलंस आणि गोडी टिकली, तर पैसे साठवून डिप्लोमाचा विचार कर. मालकांनाही विचार. पारख करणारं माणूस पेढीलाही हवंच असतं, ते फीचा काही भार उचलतील.

आणि हो, पिरोजा पाण्याच्या वाटीत घालू नकोस. तो सच्छिद्र असतो, पाणी आणि साबण शोषून घेतो.