नवऱ्याचं वजन किती असावं?

अगं, आधी वजनकाटा बाजूला ठेव आणि शिवणाची टेप काढ. बेंबीच्या रेषेत, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता माप घे. आपल्याकडच्या पुरुषांचा घेर ९० सेंटीमीटरच्या आत हवा. आमच्या ह्यांचा १०२ निघाला तेव्हा ते स्वतःच गप्प झाले. पँटचा नंबर धरू नकोस, ती पोटाखाली बसते.

आता वजन. उंची मीटरमध्ये घे, तिचा वर्ग कर आणि त्याला २३ ने गुण. भारतीयांसाठी निरोगी वजनाची वरची हद्द साधारण तिथेच येते. तुझे मिस्टर १७० सेंटीमीटर, म्हणजे १.७ गुणिले १.७ गुणिले २३, सुमारे ६६ किलो. आज ते ८४ आहेत, म्हणून लगेच ६६ चा धोशा लावू नकोस. पहिले चार-पाच किलो उतरले तरी साखर आणि बीपीला फरक पडतो. साखरेची गोळी चालू असेल तर मात्र जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारच.

आणि त्यांना वेगळं ताट वाढू नकोस गं, माणूस दुखावतो. मी सगळ्यांसाठीच एका पोळीच्या जागी वाटीभर मटकीची उसळ वाढायला लागले. संध्याकाळच्या चहाबरोबरचा फरसाणाचा डबा घरात आणणंच थांबवलं. जेवल्यावर दोघं अर्धा तास चालायला जातो. तेवढ्या वेळात ते ऑफिसातलं मनातलं बोलतात, मला तेच फार आवडतं.