तिरंगा, पीपीओ आणि आईचं माहेरचं नाव

प्रश्न : नमस्कार काका, माझे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. मागच्या महिन्यात वारले, वय 71. मोदी स्मशानभूमीत नेताना भाऊ घरातला तिरंगा अंगावर टाकायला निघाला तर शेजारच्यांनी अडवलं, त्यावरून तिथंच वाद झाला. सलामीला पण कोणी आलं नाही, आईला त्याचं अजून लागून राहिलंय. अंत्यविधीचा खर्च मिळतो म्हणतात, खरंय का? आणि आईची पेन्शन? पीपीओत, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या कागदात, तिचं नाव सुशीला आहे, आधारवर शकुंतला.
– एक मुलगी, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : ताई, आधी तिरंग्याचं सांगतो, कारण शेजारी बरोबर होते. 1971च्या कायद्याप्रमाणे तिरंगा फक्त शासकीय, लष्करी किंवा निमलष्करी इतमामातल्या अंत्यविधीलाच पार्थिवावर घालता येतो, घरच्या घरी नाही. त्यातही केशरी पट्टा डोक्याकडे, आणि अग्नी द्यायच्या आधी काढून घडी घालायचा, झेंडा चितेवर जात नाही की खड्ड्यात उतरत नाही. भावाची भावना चांगली होती की ओ, पण कायदा कायदा आहे. ड्युटीवर गेलेल्या जवानाला मिळते तशी सलामी रिटायर होऊन घरी वारलेल्याला आपोआप मिळत नाही, आईला हे समजावून सांगा म्हणजे वडलांना कोणी विसरलं असं तिला वाटणार नाही.

खर्चाचं म्हणाल तर पेन्शनबरोबर आपोआप खात्यात पडणारी अंत्यविधीची रक्कम असा प्रकार नाही. कल्याण निधीतून मदत असते ती अर्ज करून, म्हणून सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळालेलं नोंदीचं पुस्तक) आणि मृत्यू दाखला घेऊन जा आणि तिथंच विचारा. दाखला महापालिकेतून 21 दिवसांच्या आत नोंद केली की फुकट होतो, उशीर झाला की फी लागते, त्यामुळे नोंद अजून राहिली असेल तर उद्याच जावा.

आता खरी भानगड, पेन्शन. आईला फॅमिली पेन्शन शेवटच्या पगाराच्या 30 टक्के बसेल, 9,000च्या खाली जात नाही, वर महागाई भत्ता. कोणी सांगेल पहिली सात वर्षं 50 टक्के मिळते, ते खरंय, पण रिटायर माणूस 67च्या आत गेला तरच आणि तेपण तो 67चा झाला असता त्या तारखेपर्यंतच, तुमचे वडील 71चे होते. स्पर्शवर, म्हणजे फौजेच्या पेन्शनच्या वेबसाइटवर, मृत्यूची माहिती टाका आणि तोवर वडलांच्या एटीएमला हात लावू नका, वारल्या दिवसापर्यंतचे पैसे घरच्यांचे, पुढचे परत घेतले जातात. आमच्या गल्लीतल्या एका पोरानं दोन महिने काढले आणि नंतर आईच्या पेन्शनमधून कपात लागली, ती माऊली अजून त्याला बोलते.

सुशीला आणि शकुंतला हा घोळ मी युनिटात क्लार्क असताना शंभरदा पाहिला. लग्नाची नोंद करणारी युनिटची पार्ट टू ऑर्डर निघते तेव्हा जवान माहेरचं नाव सांगतो आणि गावाकडं लग्नात ठेवलेलं नाव आधारवर लागतं. दोन्ही नावं एकाच बाईची असं प्रतिज्ञापत्र करा, लग्नाचा पुरावा, रेशन कार्ड, डिस्चार्ज बुक जोडा आणि सैनिक कल्याण कार्यालयामार्फत बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवा. बँकेतल्या साहेबाशी वाद घालून काही होत नाही, त्याच्या हातात ते नाही. वडलांचं ईसीएचएस (माजी सैनिकांच्या दवाखान्याची योजना) आणि कॅन्टीन कार्ड जमा करून आईच्या नावानं नवीन मागा.

प्रश्न : मालक फौजेत पाच वर्षं नोकरी करून घरी आले, पेन्शन नव्हती. शिपाई होते. आता ते नाहीत. माझं वय 68, कमाई काहीच नाही. काही मिळतं का?
– एक वाचक, मोहोळ

उत्तर : मिळतं, आक्का. हवालदार रँकपर्यंतच्या, पेन्शन नसलेल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना 65च्या पुढं, दुसरं उत्पन्न नसेल तर केंद्रीय सैनिक बोर्डाकडून दर महिना मदत आहे. आधी 4,000 होती, 1 नोव्हेंबर 2025पासूनच्या अर्जांना 8,000 केली. मालकांचं डिस्चार्ज बुक मात्र लागेल. ट्रंकेत तळाला बघा, जुन्या पेपरात गुंडाळून ठेवायची सवय असते बऱ्याच जणांना. सापडलं की झेरॉक्स काढा आणि मूळ बुक कुणाच्या हातात देऊ नका.